आईचा मणका, दिल्लीची बस आणि सिंगल बेल

आईच्या डाव्या पायातली चप्पल चालता चालता गळून पडायला लागली आणि तिला ते कळेनासं झालं, तेव्हा आमचं दिल्लीला जायचं ठरलं. एरवी मी सुट्टी मिळाली की कुठेतरी भटकून येते आणि इथे लिहिते. या वेळची भटकंती हॉस्पिटलची आहे. तरीही वाचा, कारण कंबरदुखी आज ना उद्या प्रत्येकाच्या घरी मुक्कामाला येतेच.

आधी आईची ओळख. आर्वीला बाबांबरोबर राहते, एसटीत कंडक्टर होती, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाली. नोकरीची सगळी वर्षं खडबडीत रस्त्यांवर, चालत्या गाडीत उभी राहून तिकिटं फाडली. आवाज असा की मागच्या सीटवरचा झोपलेला माणूसही सुट्टे पैसे काढून बसायचा. पण स्वतःचं काही दुखलं तर तोंडातून अवाक्षर नाही. "मला काय धाड भरलीय?" हे तिचं ठरलेलं उत्तर. ताप असो, पाय मुरगळलेला असो, उत्तर तेच.

नागपूरच्या डॉक्टरांनी एमआरआय पाहून सांगितलं की कमरेतली गादी सरकलीय आणि पायाकडे जाणारी नस तिनं दाबून धरलीय. पाऊल वर उचलणारी ताकद कमी होतेय, आणि उशीर केला तर पाय तसाच लुळा राहील. त्यात आईचं हृदय कमजोर, पूर्ण भूल देणं जोखमीचं. मार्ग एकच होता: तेवढीच जागा बधिर करून, पेशंटला जागं ठेवून, दुर्बिणीतून ऑपरेशन. हे नागपुरातही होतं, आधीच सांगते, नाहीतर कमेंटमध्ये माझी शाळा घ्याल. पण मयूर विहारला आईचा सख्खा भाऊ आहे, आणि मामाच्या ऑफिसातले एक साहेब गुरुग्रामला हेच ऑपरेशन करून दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी घरी आले होते. मामानं फोनवर विषयच संपवला, "ताई, तू बस गाडीत बस. बाकी मी बघतो."

नागपूरहून संध्याकाळी बसलात की सकाळी दिल्ली. खालचा बर्थ मिळेल असंच तिकीट काढा आणि स्टेशनवर व्हीलचेअर आधी सांगून ठेवा. मी सांगून ठेवली होती. आईनं तिच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "मी काय पेशंट आहे?"

"हो आई. त्याचसाठी आलोय."

तरी ती चालतच निघाली. पुलाच्या पायऱ्यांवर तिनं कठडा इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

दुसऱ्या दिवशी गुरुग्राम. मयूर विहारहून निळ्या लाइनची मेट्रो, राजीव चौकला बदलून पिवळी, मग स्टेशनहून कॅब. लिफ्ट सगळीकडे आहेत, फक्त शोधाव्या लागतात आणि कधीकधी स्टेशनच्या अगदी दुसऱ्या टोकाला सापडतात. घरून निघाल्यापासून दोन तास हाताशी ठेवा. हॉस्पिटलचं नाव मी लिहिणार नाही, ही जाहिरात नव्हे.

डॉक्टर पन्नाशीचे, बोलायला मोकळे. त्यांच्या टेबलावर कुणा मुलीच्या वाकड्या कण्याचा प्लास्टिकचा साचा होता. तिच्याच स्कॅनवरून छापून काढलेला, हुबेहूब. ऑपरेशनच्या आधी तो हातात घेऊन ते कुठे काय करायचं याचा सराव करतात म्हणे. मी तो फिरवून फिरवून पाहिला. माणसाच्या आतलं हाड त्याला हात न लावता बाहेर टेबलावर ठेवता येतं, हे मला अजूनही खरं वाटत नाही.

मग त्यांनी आईला विचारलं, "दर्द कितना है? शून्य से दस में बताइए."

"दोन," आई म्हणाली.

त्यांनी तिला चालायला लावलं, मग झोपवून पाय सरळ वर उचलला. आईच्या कपाळावर घाम आला, डोळे गच्च मिटले.

"अब?"

"दोनच."

डॉक्टर आधी हसले, मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "माताजी, कैमरा मुझे नस दिखाता है. पर नस को तकलीफ़ कब हो रही है, ये सिर्फ़ आप बता सकती हैं. आप चुप रहीं तो मैं हाथ नहीं लगाऊँगा." मग त्यांनी ऑपरेशन समजावलं: पेन्सिलीएवढी बारीक नळी, जखम नखाएवढी, आत कॅमेरा आणि सतत वाहणारं पाणी. हत्यार नसेला लागायला आलं की पायात कळ जाते, पेशंट ओरडतो, डॉक्टर थांबतात. पूर्ण भूल दिलेल्यांच्या नसांवर तारा लावून मशीन लक्ष ठेवतं, पण या ऑपरेशनमध्ये जागा माणूस हाच पहारेकरी. पहारेकरी खोटं बोलला तर नस कायमची जाऊ शकते. तीन दिवसांनंतरची तारीख मिळाली, अटीवर. बाहेर गाठून डॉक्टर मला म्हणाले, "इनसे बुलवाइए. नहीं तो मुझे मना करना पड़ेगा."

मी हादरले होते. शस्त्रक्रियेचं शास्त्र इतकं पुढे गेलेलं, सगळं हाताशी आलेलं, आणि ते अडलं होतं आईच्या स्वभावावर.

मग सुरू झाली आमची दिल्लीदर्शनाची तालीम. ठरलं असं की फिरायचं आणि दर थोड्या वेळानं मी विचारेन तेव्हा आकडा सांगायचा, खरा. पहिल्या दिवशी करोल बाग. मयूर विहारहून मेट्रो न बदलता जाता येतं. बाजार दाटीचा; साड्या, दागिने, गाड्यांचे सुटे भाग, सगळं एकाच गल्लीत. तिथून ई-रिक्षानं थोडं आत गेलं की स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या आपल्या मुलांच्या खोल्या आणि मराठी मेस. एका मेसमध्ये तर्री-पोहे मिळाले, दिल्लीच्या मानानं स्वस्त आणि नागपूरच्या मानानं जरा मिळमिळीत. जागा नव्हती. परभणीचा एक मुलगा उठून म्हणाला, "मावशी, बसा ना."

"नाही रे, तू जेव. मला काय धाड भरलीय?"

वीस मिनिटं उभी राहिली ती, सगळा भार उजव्या पायावर टाकून. मी कानाशी जाऊन विचारलं, "आकडा?" ती म्हणाली, "दोन." मला रडूच यायचं बाकी होतं. घरी आल्यावर मामी तिच्या अर्ध्या हिंदीत ओरडली, "ताई, बिल्कुल बच्चों जैसा मत करो हं! बोला ना सरळ!" आई पोळी लाटायला उठली. मामीनं लाटणं लपवून ठेवलं.

त्या संध्याकाळी मी तिला चिडून विचारलं, की दुखतं म्हणायला लाज वाटते का तुला? ती म्हणाली, "नोकरीला लागले तेव्हा डेपोत सगळे म्हणायचे, बाई आहे, आठ दिवसांत रजेचा अर्ज टाकेल. मी ठरवलं, मरेन पण कुरकुर करणार नाही. आता तोंडच वळत नाही तसं." मला हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तालीम सोडून दिली आणि तिला बसमधून फिरवायला नेलं, कारण दिल्लीची बस पाहायची तिची इच्छा होती. बायकांना गुलाबी तिकीट मिळालं, शून्य रुपयांचं. (नियम बदलत असतात, जाण्याआधी विचारून घ्या.) आईनं ते उलटसुलट करून पाहिलं. पण तिला खरा धक्का बसला तो कंडक्टर पाहून. तो दाराशी सीटवर बसून तिकिटं देत होता, प्रवासी त्याच्याकडे जात होते. "हा बसलाय!" आई मला म्हणाली, आणि नोकरीबद्दल कधी तक्रारीचं एक अक्षर न काढणारी ती बाई पुढे म्हणाली, "आम्हाला कुणी असं बसवलं असतं तर..." तेवढ्यावरच थांबली.

पुढच्या स्टॉपवर एक गरोदर बाई उतरत होती. तिचा एक पाय अजून पायरीवरच होता आणि बस हलली. कंडक्टर फोनमध्ये. आईनं बसल्या जागेवरून पत्र्यावर तळहाताची एक सणसणीत थाप मारली. बस जागच्या जागी थांबली. बाई उतरली, बाजूला झाली. आईनं दोन थापा मारल्या. बस निघाली. ड्रायव्हरनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

मी तिच्याकडे पाहत राहिले. दुखतंय हे तिला सांगता येत नव्हतं. पण गाडी थांबवणं हे तिचं कामच होतं, त्यात तिनं कधी कुणाची भीड ठेवली नव्हती.

बसमधूनच डॉक्टरांच्या मदतनीस डॉक्टर मुलीला फोन लावला. आई तोंडानं सांगणार नाही, पण थाप मारून थांबवेल, हे तिला समजावताना माझी हिंदी पार कोलमडली. थोड्या वेळानं डॉक्टरांचाच फोन आला. "कंडक्टर साहिबा को दीजिए." आईनं फोन घेतला, ऐकलं, आणि ड्युटीवरच्या आवाजात म्हणाली, "सिंगल बेल दी तो एकदम रुकने का. बाद में बहाना नहीं चलेगा." पलीकडून हसण्याचा आवाज मलाही ऐकू आला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "हाँ. सच्ची दूँगी."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिला आत नेलं. मी आणि मामा बाहेर. शेजारी रोहतकचे एक गृहस्थ होते, त्यांच्या भावाच्या मणक्यात स्क्रू बसवले होते. "म्हारे ताऊ का हुआ था यही, छह महीने खाट पे पड़े रहे," ते मामाला सांगत होते. "भाई तीसरे दिन सीढ़ी चढ़ रहा है."

"रोबोट से हुआ?"

"किया तो डॉक्टर ने ही, जी. रोबोट ने तो रास्ता बताया, इंच भर इधर-उधर नहीं होने दिया."

मी त्यांचं ऐकत होते, पण लक्ष दारावर होतं. मला सारखं वाटत होतं, ऐन वेळी ही पुन्हा "दोन" म्हणेल. बहुतेक तासाभरानं डॉक्टर बाहेर आले, टोपी काढत. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. आईला पालथं झोपवलं होतं, हात डोक्याशी. नर्सनं तिच्या बोटांखाली स्टीलचा ट्रे ठेवला होता. सुरुवातीला टक-टक, टक-टक, सगळं सुरळीत. दोनदा तर डॉक्टर पाणी साफ करायला थांबले तेव्हा तिनं स्वतःहून डबल बेल दिली, की चला, उशीर होतोय. मग एक टक. ते थांबले. पुन्हा काम, पुन्हा एक टक. "तीसरी बार तो ट्रे ही उछल गई," ते म्हणाले. गादीचा तुकडा नसेला चिकटून बसला होता. पडद्यावर नस आणि तो वेगळे दिसतच नव्हते. त्यांनी हत्यार मागे घेतलं, दुसऱ्या बाजूनं गेले आणि तुकडा सुटला. "वो न रोकतीं तो मैं खींच देता." इतक्या मोठ्या माणसानं हे आमच्यापुढे कबूल करावं, याचं मला अजून अप्रूप आहे. मी त्यांच्या पाया पडले. मामा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

आत गेले तेव्हा आई जागी होती. डॉक्टरांनी अंगठा वर करायला सांगितलं. डाव्या पायाचा अंगठा जरासा, दोरा ओढावा इतपत, वर आला. पायातली कळ गेली होती. "पाठीला झोंबतंय मात्र," आई म्हणाली. मी विचारलंही नव्हतं. नर्सनं औषध दिलं, आणि मी बाहेर जाऊन मनसोक्त रडले.

संध्याकाळी ती कॉरिडॉरमध्ये चालली. दुसऱ्या दिवशी सुट्टी. पुढचा आठवडा मयूर विहारला मामीच्या पहाऱ्यात गेला. कुणी जाणार असाल तर दोनतीन गोष्टी: खर्चाचा अंदाज आधी लेखी मागा, परतीचं तिकीट तपासणी झाल्यावरच काढा, आणि सगळ्या कंबरदुखीला ऑपरेशन लागत नाही हे लक्षात ठेवा. आमच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी आमच्यापुढे दोघांना व्यायाम लिहून देऊन घरी पाठवलं. पावलातली ताकद हळूहळू येते, कधी पूर्ण येतही नाही. आईची बरीच आली आहे. पट्ट्याची चप्पल घालते, आणि ती आता पडत नाही.

आर्वीला पोचल्यावर घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. त्या दिवशी पाचसहा जण होते, दोघं डेपोतले. आई खुर्चीत बसून ऑपरेशनची कथा तिसऱ्यांदा सांगत होती आणि मला चेहऱ्यावरून दिसत होतं की हिला बसवत नाहीये. मी काही बोलणार तेवढ्यात ती थांबली.

"मला बसवत नाही आता. दुखतंय. मी जरा आडवी होते," ती म्हणाली, आणि पाहुणे बसलेले असताना उठून आत गेली.

बाबा माझ्याकडे पाहायला लागले, मग स्वतःच उठले आणि सगळ्यांसाठी चहा ठेवायला गेले. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, तोच, मागच्या सीटपर्यंत पोचणारा.

"माझाही ठेवा हो. आलं घालून."