धापूबाई दरी बघायला जाते

शहाद्याच्या बाजारपेठेत नेमीचंद शेठचं कापडाचं दुकान होतं, आणि दुकानामागच्या घरात त्याची बायको धापूबाई. गावात तिचा एक लौकिक होता. ती माणसं पायांवरून ओळखायची. लोक कौतुक करायचे, पण धापूबाईला त्याचं हसू यायचं. त्यात विद्या कसली? लग्न होऊन मारवाडातून आली तेव्हापासून मोठा दीर किशनलाल समोर असला की तिचा घुंघट छातीपर्यंत असे, आणि किशनलाल सदानकदा घरातच. घुंघटाखालून जगाचा जेवढा भाग दिसतो, तेवढ्याची ती जाणकार झाली होती, इतकंच.

जेठाशी, म्हणजे या मोठ्या दिराशी, बोलायचीही बंदी. काही सांगायचं झालं तर ती आडून बांगड्या वाजवायची आणि आत येताना तो दारात खाकरायचा. एक खोकला आणि एक खुळखुळ, यापलीकडे त्या दोघांचं संभाषण उभ्या जन्मात गेलं नव्हतं. एव्हाना तिचे केस पांढरे झाले होते.

एकोणीसशे पस्तीसच्या सुमाराची गोष्ट. पावसाळ्यात हिवतापानं तिला पार पिळून काढलं. डॉक्टर म्हणाले, तोरणमाळला जा, मोकळ्या हवेत रोज सपाटीवर थोडं चाला. धापूबाईला नवल वाटलं. चालणं हे औषध असेल तर चूल ते मोरी आणि मोरी ते चूल करून आपण आजवर पैलवान व्हायला हवं होतं.

दिवाळीनंतर मंडळी निघाली. घरातली बाई हवापालटाला जाणार म्हटल्यावर कर्ता पुरुष म्हणून किशनलालही निघाला. तो निघाल्यावर घुंघटही निघालाच. म्हसावदच्या पुढे चढ लागला तशी तिला डोलीत बसवली आणि डोलीला पडदा लावला. सातपुडा ती अशी चढली.

वर तळ्याच्या काठानं मऊ गवताची सोपी वाट होती. रोज सकाळी त्या वाटेनं यांची वरात निघे. पुढे काठी टेकत किशनलाल, त्याच्यामागे नेमीचंद, आणि नेमीचंदच्या टाचांवर नजर ठेवून धापूबाई. तोरणमाळची हवा तिनं घेतली ती ओढणीतून गाळून. खाली गेल्यावर शेजारणी विचारतील, काय पाहिलंस? गवत पाहिलं, म्हणेन. फार चांगलं होतं गवत.

तळ्याच्या पलीकडे, कड्याच्या टोकावरून खोल दरी दिसते असं सगळे सांगत होते. ती दरी एकदा उघड्या डोळ्यांनी बघायची एवढंच तिच्या मनात होतं. सुखासाठी म्हणून घराबाहेर पडण्याची ही तिची पहिलीच वेळ, आणि बहुधा शेवटची. उद्या सकाळी उतरायचं होतं. आजच काय ते.

म्हणून त्या दिवशी निघताना जरा मागे राहिलेली ती, वाटेवर ओळखीच्या मोजड्या गाठल्यावर, चालता चालता नवऱ्याच्या टाचांशी हळू आवाजात बोलू लागली. मोजडीची मागची बाजू दुमडून पायांत अडकवायची नेमीचंदची सवय तिला पाठ होती. तुमच्या भावाला जरा मागे ठेवा, ती म्हणाली, मी घटकाभर तोंड उघडून दरी बघते. टाचा काही बोलल्या नाहीत. त्यात नवीन काय? नेमीचंद दुकानात गिऱ्हाइकाशी बोलून घरी येईपर्यंत त्याचे शब्द संपलेले असत. मग तिला जोर चढला. तुमचा भाऊ असा, तुम्ही तसे, मी तापात मेले असते तर सरणावरही घुंघट ओढला असता तुम्ही. टाचा अंमळ भरभर चालू लागल्या. नवऱ्याची पोटरी वाळलेली दिसली. हवा मानवली म्हणायची!

मध्ये ओहळ आला. टाचा टुणकन पलीकडे गेल्या. नेमीचंद आणि उडी? एवढा विचार मनात येईस्तोवर धापूबाई ओहळात बसली होती. ओढणी चिखलानं भरली. वैतागून तिनं ती तोंडावरून ओरबाडली आणि वर पाहिलं.

समोर त्यांना रोज दूध घालणारा सुरुपसिंग पावरा उभा होता. घाबरून अर्धा झालेला.

"तुम्ही मन्हा मांगे कसाले यी ऱ्हायनात, शेठाणी?"

"त्या मोजड्या?"

"शेठनीच दिधात काल. त्यासले चावतस म्हणे."

नवऱ्यानं दिल्या असतील, आणि बायकोला सांगितलं नसेल. धापूबाई चिखलात बसल्या बसल्या पोट धरून हसली. पायांची जाणकार म्हणे! परक्या पुरुषाला आपण नवऱ्याच्या वाट्याची सगळी बोलणी ऐकवली, आणि नवऱ्यासारखी त्यानंही ती मुकाट ऐकून घेतली.

सुरुपसिंगनं तिला तिथून जवळच्या आपल्या झोपडीत नेलं आणि जेठ-नवऱ्याला निरोप द्यायला तो माघारी पळाला. त्याची बायको मोगराबाईनं ओढणी धुऊन झोपडीमागे वाळत टाकली, आपलं लुगडं धापूबाईच्या अंगावर गुंडाळलं आणि तिला अंगणात बसवली. अंगणाच्या कडेला जमीन संपत होती. तिथून दरी सुरू होत होती.

धापूबाईनं दरी पाहिली. एकामागे एक डोंगर, खाली झाडांचे नुसते शेंडे, आणि एवढं मोठं आभाळ सगळं एकाच वेळी. तिला आधी भीती वाटली, मग रडू आलं. त्यावरही ती स्वतःशी हसली. गवताची सवय, दुसरं काय.

तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं काठी आपटत, धापा टाकत एक म्हातारा अंगणात आला. पगडी वाकडी, डोळे लाल. चेहरा तिच्या ओळखीचा नव्हता. तिची नजर सवयीनं खाली त्याच्या पायांवर गेली. तो किशनलाल होता. सुरुपसिंगची आणि त्याची वाटेत चुकामूक झाली होती. ओढणी तर झोपडीमागे होती. धापूबाई जागच्या जागी थिजली.

किशनलालनं तिच्याकडे नीट पाहिलं, मग मोगराबाईकडे.

"बाई, आमना घरनी बाई आठे दखायनी का? कडावर गई म्हणीसन जीव धाकधूक करी ऱ्हायना."

मोगराबाईला गंमत वाटली. तिनं गंभीर तोंड करून विचारलं, "दखाले कशी शे ती?"

किशनलालनं तोंड उघडलं आणि मिटलं. तो आठवू लागला. शेवटी रडवेल्या आवाजात म्हणाला, "धाकली सून शे. पोरच शे हो अजून. घाबरी गई व्हई."

धापूबाईचा हात आपल्या पांढऱ्या केसांवर गेला. या माणसाचा तिनं आयुष्यभर राग केला होता, आणि त्याच्या डोक्यात ती अजून मांडवातून आलेली पोर होती. त्या पोरीसाठी तो कड्याकड्यानं रडत फिरत होता. तिला त्याची दया आली आणि स्वतःचीही आली. बांगड्या वाजवून आता भागणार नव्हतं.

"जेठजी," ती म्हणाली, "मीच शे ती."

जेठजी म्हणणारी ती पोर कुठे आहे, ते बघायला किशनलाल तिच्यावरून नजर काढून झोपडीच्या दाराकडे वळला.