पैलवानाची पकड

भिला पैलवानाची पाठ अजून कुणी मातीला लावली नव्हती. तापीकाठच्या प्रकाशा गावातल्या नथ्थू नावाड्यानं त्याच्या कुस्त्या नेहमी लोकांच्या खांद्यांआडून, टाचा उंचावून पाहिल्या होत्या. त्रेपन्न सालच्या यात्रेला मात्र पैलवान स्वतःच त्याच्या नावेत येऊन बसला आणि नाव एका अंगाला कलली. देव बसला असता तरी याहून जास्त काय कलणार होती!

तापीच्या मध्यावर वारा सुटला. नाव हेलकावली, तसं पैलवानानं नथ्थूचं मनगट घट्ट धरलं. डोळे मिटून तो पुटपुटला, "माले पव्हता येत नही, भाऊ. कोनले सांगू नको."

एका हातानं वल्हं मारत नथ्थूनं नाव काठाला लावली.

दुपारी पैलवानानं परमुलखातल्या मल्लाला अस्मान दाखवलं. जो तो त्याच्या पायाची माती कपाळाला लावत होता. नथ्थू लांब उभा राहून मनगटावरचे लाल वळ डोळे भरून पाहत होता.

वळ लवकरच गेले. पुढं कितीतरी वर्षं, पैलवानाची पकड कशी होती असं कुणी विचारलं, की नथ्थू मनगट पुढं करायचा. "आठेच धरं व्हतं त्यानी," म्हणायचा. का धरलं होतं, ते मात्र त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नाही.