हं म्हणणारे बाबूमामा

बाबूमामांनी आमच्या रेडिओवर साडेसहा वर्षं कार्यक्रम केला, आणि त्या साडेसहा वर्षांत ते एकूण चार शब्द बोलले. हं. मग? आँ? आणि अगं बाई! शेवटचे दोन शब्द होतात असं कुणी काटेकोर माणूस म्हणेल, पण मामा ते एका दमात म्हणत, तेव्हा एकच धरा.

रेडिओ म्हणजे आमचं तालुक्याचं छोटं केंद्र. कॉलेजच्या मागच्या दोन खोल्या, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना ठोकलेल्या जुन्या गोधड्या, एक माईक आणि मी. आजूबाजूच्या वीसेक गावांत आमचा आवाज पोहोचतो. पूर्वी मी कॉलेजात नाटकं बसवायचो, त्यामुळे माझा स्वतःचा आवाज वीस गावांना माईकशिवायही पुरला असता, असं आमच्या घरचं मत आहे. 'बोला की!' नावाचा कार्यक्रम मी सुरू केला. गावातल्या माणसांनी यावं, आपलं, आपल्या गावाचं सांगावं. बेत झकास होता. अडचण एकच, माणसं येत आणि गप्प बसत.

पहिल्या पाहुण्या हलीमाबी. चाळीस वर्षं गावोगाव फिरून बांगड्या भरणारी बाई. बाहेर पायरीवर बसून तिने शिपायाला त्याच्या सासुरवाडीच्या तीन पिढ्या ऐकवल्या होत्या. आत माईकसमोर बसवली आणि मी माझा ठेवणीतला आवाज काढून विचारलं, "तर हलीमाबी, आपल्या या प्रदीर्घ प्रवासाविषयी श्रोत्यांना काय सांगाल?"

"नमस्कार," हलीमाबी म्हणाली. "मी बरी हाय."

एवढंच. मी आणखी सात प्रश्न विचारले. सातही वेळा ती बरीच होती.

तिच्याबरोबर तिच्या गावचा एक माणूस आला होता. उंच, वाळका, कपाळाला भंडारा, मांडीवर तिचं बांगड्यांचं गाठोडं. कोपऱ्यातल्या बाकावरून त्याने मान जराशी पुढे केली आणि म्हटलं, "हं?"

हलीमाबी त्याच्याकडे वळली. "आता बघ, दुष्काळाच्या साली मी गेल्ते वरच्या वाडीला..."

"हं."

"तर नवऱ्या मुलीचा हात हातात घेतला. अडीचची बांगडी भरली तर कोपरापतुर गेली!"

"अगं बाई!"

चाळीस मिनिटं. पोरींच्या मनगटांवरून दुष्काळ कसा कळतो, कुठल्या साली अडीचचं माप सव्वादोनवर आलं, कुठल्या घरात सुनेच्या हातावर बांगडी फुटल्याच्या खुणा दिसायच्या आणि मग तिने त्या सासूला चारचौघींत काय सुनावलं. मी माझा प्रश्नांचा कागद घडी करून खिशात घातला.

नंतर त्या माणसाला चहा पाजला. हेच बाबूमामा. खर्ड्याकडच्या बाजूला जागरण-गोंधळ करणाऱ्या पार्टीत ते उभा जन्म मागे उभे राहिले होते. पुढचा माणूस कथा सांगतो, मागचा झील धरतो, म्हणजे सुरात सूर मिळवतो आणि मधूनमधून 'मग?' विचारतो.

"मागच्यानं 'मग?' न्हाई म्हनलं," मामा म्हणाले, "तर पुढचा देवाला घोड्यावर बसवितो आन् तिथंच ठिवतो. घोडं हालतच न्हाई."

"आणि मी काय चुकलो?"

मामा संकोचले. सभ्य माणूस. "सर, गोष्ट म्हंजी शेळी. दावं धरून वढली की पाय रवती. मागनं नुसतं च्यक च्यक करायचं. तुमी लई वढता."

दुसऱ्या दिवसापासून मामा 'बोला की!'चे झाले. लवकरच माझ्या लक्षात आलं की मामांचा हं हा एक नाही. दुःखाचा हं खालून, पोटातून यायचा आणि बोलणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवल्यासारखा तिथे थांबायचा. गमतीचा हं नाकातून निसटायचा. आणि थापा मारणाऱ्यासाठी एक खास हं होता. तो शेवटाला किंचित वर वळायचा, विंचवाच्या नांगीसारखा.

तो एकदा थेट प्रसारणात एका सरपंचांच्या वाट्याला आला. गावच्या पाण्याच्या योजनेबद्दल सांगायला सरपंच कडक इस्त्रीत आले होते.

"योजना पूर्ण झालेली आहे," सरपंच म्हणाले.

"हं?"

"म्हणजे, जवळपास पूर्ण आहे."

"हं?"

"टाकी पूर्ण आहे. पाइप तेवढे यायचेत."

"हं?"

सरपंचांनी घाम पुसला. "टाकीचा खड्डा पूर्ण आहे."

मामा अत्यंत प्रेमाने म्हणाले, "मग?"

त्या 'मग'नंतर महिन्याभरात पाइप आले. गावातल्या बायकांनी मामांना पेढे दिले. मामा म्हणाले, "मी काय केलं? मी तं नुसता ऐकत हुतो."

आता माझा गाढवपणा सांगतो. पुण्याहून एक प्रशिक्षक आले. डोक्याला हेडफोन लावून त्यांनी आमचे कार्यक्रम ऐकले आणि विचारलं, "पाहुण्यांच्या मागे हे कोण कण्हतंय? रेकॉर्डिंग स्वच्छ हवं." मला स्वच्छतेचा झटका आला. हलीमाबीचा पुढचा भाग मी संगणकावर घेतला आणि मामांचे सगळे हं वेचून काढले, तांदळातले खडे निवडावेत तसे. कार्यक्रम लागला आणि फोन सुरू झाले. एका आजोबांनी विचारलं, "आज बाईला पोलिसांनी धरलंय का? जबाब दिल्यावानी का बोलती?" संध्याकाळी हलीमाबी स्वतः आली, पदर खोचून.

"सर, माज्या बोलन्यातनं मामाला काढलं? आरं, मी काय येडी हाय, एकटीच बडबडाया? सारी वाडी इचारती, हलीमाला काय झालं म्हून!"

मी मामांची माफी मागितली. ते रागावले नव्हते. "चालायचंच सर. मागं उभा ऱ्हानारा फोटोत येत न्हाई." मला ते चापटीपेक्षा जास्त लागलं. मामांचा हं त्यानंतर कोणी कापला नाही.

मागच्या वर्षी मामांच्या गळ्यात गाठ निघाली. नगरच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. गाठ साधी आहे, पण आवाज पुन्हा तसाच येईल याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. चार दिवस आधी मामांची बायको, सखूमामी, केंद्रावर आल्या. बुटक्या, ठसठशीत, हातात मोबाईल.

"सर, तुमच्याकडं यांचा आवाज हाय नव्हं? ह्याच्यात भरून द्या. न्हाई आला परत, तर मला ऱ्हाईल."

"मामी, साडेसहा वर्षांचा आहे! किती हवा?" मी ऐटीत संगणक उघडला. एक कार्यक्रम लावला, दुसरा लावला, दहावा लावला. हं. हं. मग? अगं बाई. साडेसहा वर्षांत मामांचं एक पुरं वाक्य माझ्यापाशी नव्हतं. सगळ्या तालुक्याचा आवाज साठवला आणि ज्याच्यामुळे साठला त्याला बोला म्हणायचं राहून गेलं. मामींनी माझं तोंड पाहिलं. हातातला मोबाईल मात्र त्यांनी खाली ठेवला नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मामांना पाहुण्याच्या खुर्चीत बसवलं. मामी दाराशी, बाकावर. लाल दिवा लागला.

"मामा, लहानपणापासून सांगा," मी म्हणालो.

"हं," मामा म्हणाले, आणि मी पुढे सांगेन म्हणून वाट पाहू लागले.

मी मामांसारखा हं करून पाहिला. तो पोटदुखीसारखा निघाला. मामांनी काळजीने माझ्याकडे पाहिलं. मी ओढलं नाही, हाकलं नाही, ओठ मिटून बसलो. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत लांब तीन मिनिटं. समोर मामाही ओठ मिटून, कान देऊन.

"आवो, लग्नाचं सांगा की," दारातून मामी म्हणाल्या.

"हं."

"माज्या बाच्या दारात जागरन हुतं, ते सांगा."

"हं."

"समद्या पोरी कथा सांगनाऱ्याला बघत हुत्या. काय त्याचा फेटा, काय त्याचं नाचनं!"

"मग?"

"मग मी बघितलं मागं. तिथं ह्यो बांबू हुबा. म्हनलं, एवढ्या मांडवात ह्यो एकच मानूस खरं ऐकतोय. बा म्हनला, अगं, पुढचा बघ, त्याला जमीन हाय. मी म्हनलं, मला मागचाच पायजे. जलमभर माजं ऐकंल."

"अगं बाई!" मामा म्हणाले, जणू आज पहिल्यांदा कळलं.

मी माईक हळूच मामींकडे सरकवला. पाऊण तास त्या बोलत होत्या. उसाच्या फडातले दिवस, वाचलेली एक लेक आणि न वाचलेली एक, मामांनी एकदा बिघडवलेलं पिठलं. मामांचा प्रत्येक हं वेगळा होता, आणि त्यातले काही मी साडेसहा वर्षांत कधी ऐकले नव्हते. ते फक्त घरचे असावेत.

दिवा विझल्यावर मी ओशाळून म्हणालो, "मामी, चुकलंच. सगळं तुम्हीच बोललात. मामांचा आवाज राहूनच गेला."

मामींनी मला नीट न्याहाळलं, अडाण्याला न्याहाळावं तसं. "ह्योच तर त्यांचा आवाज हाय. घरात काय भाषनं ठोकत्यात व्हय? भरा मोबाईलात."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मामींजवळ मी बसलो. मामांना आत नेलं, दार लागलं. मामींनी मोबाईल कानाला लावला, काढला, पुन्हा लावला. मग पदरात गुंडाळून ठेवला.

"सर, ते येस्तवर तुमीच हं म्हना."

मी म्हणत राहिलो. पोटदुखीसारखाच, पण मनापासून. मामी बोलत होत्या, भावकीतल्या एका लग्नाबद्दल, ज्यात वरातीचा घोडा उधळून थेट वधूच्या मांडवात शिरला होता. गोष्ट दुडक्या चालीने चालली होती. एकदाही मला मध्ये काही बोलावंसं वाटलं नाही, यावर आमच्या घरी अजून कोणी विश्वास ठेवत नाही.

दुपारी मामा वॉर्डात शुद्धीवर आले. गळ्याला पट्टी, डोळे उघडे. सगळं नीट झालं, आवाज येईल, पण महिनाभर तोंडातून एक अक्षर काढायचं नाही, हं सुद्धा नाही, असं नर्सने बजावलं. मामींच्या गोष्टीतला घोडा तेव्हा मांडवात नुकताच शिरला होता. मामींनी माझ्याकडे पाठ केली, खुर्ची खाटेला भिडवली आणि तिथूनच पुढे सुरुवात केली, "तर घोडं थेट नवरीम्होरं येऊन हुबं ऱ्हायलं..."

मामांनी डावी भुवई उचलली.

"सांगते की!" मामी म्हणाल्या.