चारही कोपऱ्यांतलं ऊन

स्टुडिओच्या मागच्या काळोख्या खोलीत एका फळीवर पत्र्याचे तीन डबे असत: लहान, मधला आणि मोठा. प्रत्येकात निगेटिव्हवरून मोठा फोटो काढणाऱ्या यंत्राचं एकेक भिंग, आणि झाकणाच्या आत चिकटवलेला त्याच्या मापाचा तांबडा दोरा. निगेटिव्ह हाती आली की फोटोग्राफर तिच्या एका कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरा धरत. दोरा पुरला तर ते भिंग चालायचं. कमी पडला तर पुढचा डबा. सारी गल्ली त्यांना दोरेकाका म्हणे.

"लग्नाआधी मलाही दोरा लावून बघितलं असेल," काकू म्हणायच्या.

"लावला होता. कमी पडला."

एका सकाळी शाळेतल्या एक बाई जुना फोटो घेऊन आल्या. शिवणवर्गातल्या सोळा जणी, तीन ओळींत. खालच्या डाव्या कोपऱ्यात मात्र नुसतं पांढरं धुकं, त्यात एक कोपर आणि वेणीचं टोक.

"ही माझी आई. मी दीड वर्षाची असताना गेली. तिचा दुसरा फोटोच नाही. मागे शिक्का तुमचा आहे."

काकांनी फोटो पालथा केला. स्टुडिओ उघडला त्याच वर्षीचा, पस्तीस वर्षांपूर्वीचा.

"कोपऱ्यात ऊन आलं होतं, असं तुम्ही तेव्हा बाबांना सांगितलंत. पोरगी रडली तर पटकन उठता यावं म्हणून बाबांनीच तिला कडेला बसवलं होतं. अजून म्हणतात, मीच तिला उन्हात बसवली, माझ्यामुळे तिचा चेहरा गेला."

काकूंनी चष्मा लावला. "अहो, ऊन चारही कोपऱ्यांतून येतं का? हे बघा ना, चारही पांढरे. बाकीच्या तिन्हींत नुसती भिंत नि फरशी, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही."

"तू चहा टाक," काका म्हणाले आणि आत गेले.

कपाटात वर्षवार पाकिटं होती. मोठी चौकोनी निगेटिव्ह पाच मिनिटांत सापडली. त्यांनी तिच्यावर लहान डब्यातला दोरा तिरका धरला. चांगला दोन बोटं कमी.

दोरा न धरताही त्यांना ते माहीत होतं. पहिली दोन वर्षं त्यांच्याकडे एकच भिंग होतं, छोट्या फिल्मचं. मोठ्या निगेटिव्हच्या कोपऱ्यांपर्यंत त्याचा उजेड पोचत नसे आणि कागद तिथे कोराच राहत असे. मधलं भिंग आणलं तेव्हा चूक कळली. दोरे तेव्हापासूनचे. पण दारोदार जाऊन सांगायचं कुणी? काका गप्प बसले होते.

आताही गप्प बसता आलं असतं. नवा फोटो हातात ठेवायचा आणि वर शाबासकी घ्यायची.

त्यांनी मधलं भिंग चढवलं, उजेड दिला, कागद ट्रेमधल्या रसायनात सोडला. हळूहळू कोपरा भरत आला. मांडीवर कात्री घेतलेली एक तरुण बाई. बाकी पंधरा जणी कॅमेऱ्याकडे बघत होत्या. ही बाजूला कुणाकडे तरी बघून हसत होती.

बाहेर आणलेल्या ओल्या फोटोवर बाई वाकल्या. मग म्हणाल्या, "हनुवटी माझी आहे." आणि लगेच, "काय जादू केलीत, काका?"

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"जादू कसली. ऊन नव्हतंच," काका म्हणाले. "माझं भिंग तोकडं होतं. दोन वर्षांनी मला कळलंही, पण मी तोंड उघडलं नाही. तुमच्या बाबांचा काही दोष नव्हता."

बाईंनी रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही; नुसता घडी करत राहिल्या. "मी सांगितलं तर त्यांना वाटेल, मुलगी समजूत काढतेय. तुम्हीच चला."

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. दुपारपर्यंत दोन कामं द्यायची होती.

"दुकान मी बघते," काकू म्हणाल्या. "आणि त्या फाटक्या चपला नकोत."

फोटो वाळला. काकांनी तो दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवला. "बाबा काय करायचे?"

"सुतार होते. स्वतः मापल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाहीत."

काका पुन्हा आत गेले. लहान आणि मधल्या डब्याच्या झाकणांतले दोरे त्यांनी नखाने अलगद सोडवले, निगेटिव्हसोबत तिच्या पाकिटात ठेवले आणि पाकीट खिशात घातलं.

"चला," ते म्हणाले. "त्यांनाच मापू दे."