‘मी घरीच होतो’ची शेवटची ओळ

“अजून एक टेक,” आमचा प्रोड्यूसर वेड म्हणाला, आणि मी रेकॉर्डच्या बटणावरचा हात काढून घेतला.

टेक म्हणजे गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा गाऊन रेकॉर्ड करणं. काचेपलीकडे क्ले सकाळपासून तेच करत होता, आणि दर वेळी वरच्या सुराला त्याचा आवाज फाटत होता. क्ले कंट्री गायक, म्हणजे अमेरिकेतली गावाकडची गाणी गाणारा. एकेकाळी त्याची गाणी प्रत्येक पेट्रोल पंपावर वाजायची. मग दारू, मग घशाचं ऑपरेशन. ताण दिलास तर आवाज कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि संध्याकाळी रेकॉर्ड कंपनीची बाई गाणं ऐकायला येणार होती. नाही पटलं तर करार रद्द.

मी नॅशव्हिलमध्ये साऊंड इंजिनिअर आहे, मूळची नागपूरची. बाबांचा साऊंड सर्व्हिसचा धंदा होता. जयंतीच्या दिवसांत वस्त्यावस्त्यांत भीमगीतांचे कार्यक्रम. ओरडून ओरडून गळ्यांची कशी वाट लागते, ते मी लहानपणापासून ऐकलंय.

“मी नाही करणार रेकॉर्ड. त्याचा घसा जाईल.”

“सुषमा, तुला मत विचारलंय कुणी?” वेड म्हणाला. प्रोड्यूसर म्हणजे स्टुडिओत शेवटचा शब्द त्याचा. “कसंही गाऊ दे, नंतर ट्यून करू.”

ट्यून करणं म्हणजे बेसूर आवाज कॉम्प्युटरवर ओढून सुरात बसवणं. होतं ते. पण ओरडणं ओरडणंच राहतं, फक्त सुरात ओरडल्यासारखं वाटतं.

“मग दुसरी इंजिनिअर बघ.” मी खुर्ची मागे सरकवली.

क्ले आतून हात हलवून विचारत होता, काय चाललंय? मी टॉकबॅक दाबला. आतल्या माणसाशी बोलायचं हे बटण. डोकं फिरलं की माझं इंग्रजी मराठीतून चालतं. तोंडातून निघून गेलं, “क्ले, युवर थ्रोट इज सिटिंग!”

“माझा घसा काय करतोय?”

झाली का पंचाईत! “आमच्या भाषेत थकलेला घसा बसतो,” मी म्हटलं.

तो हसला. सकाळपासून पहिल्यांदा. “मग मी कशाला उभा आहे?”

त्यानं खुर्ची ओढली. बसून तो वरचा सूर काही लागणार नव्हता. वेड कुरकुरत गिटार घेऊन आत गेला आणि पट्टी चांगली खाली उतरवली. आधी रेकॉर्ड केलेला अख्खा बँड बाद. आता नुसती गिटार आणि क्ले.

गाणं त्यानंच लिहिलेलं, ‘मी घरीच होतो’. मुलगी बापाला भेटायला येते, दार वाजवत राहते. बाप आत दिवे बंद करून, पिऊन पडलाय. उघडत नाही. सकाळी ते जगाशी भांडण वाटत होतं, आता कबुली वाटली. आवाज दोनदा चिरकला. मी रेकॉर्डिंगमधलं काही पुसलं नाही. रडत होते मी, खोटं कशाला बोलू?

“ही तुझीच गोष्ट?” मी विचारलं.

“हो. तिला वाटतं मी तेव्हा गावाला गेलो होतो. कंपनीच्या आधी हे तिला पाठव.”

वेड भडकला. “आणि ती नको म्हणाली तर?”

“तर गाणं नाही.”

पाठवलं. उत्तर येईना. क्ले फोनकडे बघत बसलेला, वेड येरझाऱ्या घालतोय. कंपनीची बाई येऊन बाहेर सोफ्यावर बसलीसुद्धा. मला हातांना काहीतरी काम हवं होतं, म्हणून मी माइक उतरवून केबल गुंडाळायला घेतल्या.

फोन वाजला. क्लेनं वाचलं आणि फोन माझ्या हातात दिला.

“मला माहीत होतं, डॅड. तुझा पिकअप ट्रक बाहेरच उभा होता.”

खाली अजून एक मेसेज. “गाणं येऊ दे.”

फोन परत घेऊन तो उठला, आतल्या खुर्चीपाशी गेला. मग म्हणाला, “माइक लाव.”

बाईला तिष्ठत ठेवून मी सगळ्या केबल पुन्हा उलगडल्या. मुलीचं ते ट्रकचं वाक्य त्यानं जसंच्या तसं, जवळजवळ बोलत, गाण्याच्या शेवटी गायलं. एकच टेक.

“रेडिओला हे फार संथ आहे,” बाई म्हणाली. पण करार राहिला. रेडिओवर गाणं फारसं वाजलं नाही, तिचं खरं ठरलं. मी शिकले ते एवढंच, की गायकाची गाडी पार्किंगमधून बाहेर पडल्याशिवाय केबल गुंडाळायच्या नाहीत.