"आठ दिवस थांबा" म्हणणाऱ्या शैलाताई

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस शैलाताई देवरे दिंडोरीजवळच्या आमच्या द्राक्ष पॅकहाउसमध्ये व्यवस्थापक म्हणून रुजू झाल्या. मी तिथे सुपरवायझर होतो. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे अहवाल मागितला नाही. "मला आधी टेबलावर बसू द्या," म्हणाल्या आणि कात्री घेऊन बायकांबरोबर घडातले खराब मणी काढू लागल्या. बाई फार दिवस टिकायच्या नाहीत, असे मला वाटले होते.

महिनाभरात परदेशातून तक्रार आली. घडांचे देठ सुकलेले, मणी गळालेले. खोक्यांवरच्या क्रमांकांवरून तो माल चार नंबरच्या टेबलाचा निघाला. तिथे सखूबाई बसत. त्यांना कामावरून कमी करावे, अशी लेखी शिफारस मी त्याच दिवशी केली. ताईंनी कागद वाचून ड्रॉवरमध्ये ठेवला.

"आठ दिवस थांबा. आधी करून बघू."

ताई व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात कृतिसंशोधन शिकल्या होत्या. आपल्याच कामातली अडचण ती भोगणाऱ्यांबरोबर बसून तपासायची, एक बदल करायचा, काय झाले ते लिहायचे आणि मग पुढचे पाऊल ठरवायचे. पुष्कळांचे हे शिक्षण परीक्षेबरोबर संपते. ताईंनी ते कामावर आणले.

त्यांनी सखूबाईंना एक नंबरवर बसवले आणि तिथल्या बाईंना चारवर. प्रत्येक टेबलाची दोन खोकी शीतगृहात वेगळी ठेवली. आठवड्याने ती मलाच उघडायला लावली. सखूबाईंचा माल टवटवीत होता, चार नंबरचा पुन्हा मलूल!

मग ताईंनी सगळ्या बायकांना एकत्र बसवून विचारले. सखूबाई बोलल्या, "ताई, त्या टेबलाला माल लय उशिरा मिळतो. पुढची टेबलं गाडीतून ताजे क्रेट उचलत्यात. आमच्याकडं येतो तो मागं उरून उन्हात तापलेला. आजवर कुणी इचारलंच नाय."

ताईंनी क्रेटवर ओले गोणपाट टाकून पाहिले. फारसा फरक पडला नाही. "हा उपाय फसला," असे त्यांनी वहीत स्वच्छ लिहिले आणि माझ्याकडून आणखी आठ दिवस मागून घेतले. या वेळी प्रत्येक क्रेटवर खडूने आल्याची वेळ लिहिली. आधी आलेला माल आधी उचलायचा, टेबल कोणतेही असो. पुढची खोकीही मीच उघडली. चारही टेबलांचे देठ हिरवे होते. माझ्या हातून एका बाईंची रोजीरोटी जाता जाता राहिली होती.

ताईंनी मला बाजूला बोलावून माझी शिफारस माझ्या हातात परत दिली. "सखूबाईंना तुम्हीच सांगा," एवढेच म्हणाल्या. मी माफी मागितली, तेव्हा सखूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "बरं झालं, साहेब. तक्रार आल्यापासनं घरी काय सांगू, याचंच भ्याव वाटत होतं."

पुढे माझी पत्नी नाशिकला रुग्णालयात होती, तेव्हा ऐन हंगामात आठवडाभर माझी पाळी ताईंनी सांभाळली. मी आभार मानू लागलो, तर म्हणाल्या, "आधी घरी जा."

आज मी स्वतः व्यवस्थापक आहे. कुणाविरुद्ध लिहिण्याआधी त्याच्या जागेवर जाऊन बसतो. ही सवय ताईंची देणगी आहे.

ताई साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांचे गुडघे कुरकुर न करोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो, आणि आम्ही अडलो की त्यांच्या दारी जाऊन "ताई, जरा बघता का?" असे म्हणण्याचे भाग्य आम्हांला पुढची कित्येक वर्षे मिळो.