बिजलीच्या मांडीला पुसलेला हात

"घ्या की पावणं, फेस बसायच्या आत घ्या. पुन्यात अशी धार बघाय तरी मिळती व्हय?"

आकारामानं भरलेला ग्लास पुढं धरला होता, पण पावण्याचा हात काही पुढं येईना. पावणा म्हणजे गणपतरावांचा नवा जावई. लग्नानंतर पहिल्यांदाच कोल्हापुरात आलेला. गणपतराव त्याला मोठ्या तोऱ्यात दूध कट्ट्यावर घेऊन आले होते. संध्याकाळी पेठेतल्या चौकात म्हशी येऊन उभ्या राहिल्या की लोक त्यांच्या बुडाशी उभे राहतात, धार थेट ग्लासात पडते आणि तिथंच पोटात जाते. गणपतराव आकारामाचं जुनं गिऱ्हाईक. बिजली सोडून दुसऱ्या म्हशीकडं ते ढुंकूनसुद्धा बघत नसत.

"बाबा," जावई हळूच सासऱ्याला म्हणाला, "यांनी आत्ताच त्या मुलीचं नाक हातानं काढलं. तोच हात..."

तो हळूच म्हणाला, पण कट्ट्यावर हळू असं काही नसतं. शेजारच्या म्हशीखाली बसलेल्या पिराजीनं मान वर केली. तालमीतली दोन पोरं ओठाला लावलेले ग्लास तसेच धरून वळली.

झालं होतं ते खरंच होतं. आकारामाची अडीच वर्षांची नात तेजस्वी त्याच्या पायाशी खेळत होती. सर्दीनं नाक ओठापर्यंत आलेलं. धार काढता काढताच त्यानं तिला जवळ ओढलं, दोन बोटांत नाक धरून शेंबूड काढला, बोटं बिजलीच्या मांडीला पुसली आणि परत सड धरलं. गोठ्यात दिवसभर तो हेच करायचा. त्याच्या बापानंही हेच केलं होतं. म्हशीची मांडी म्हणजे त्यांच्या घरातला टॉवेलच. त्यात कुणी काही बघण्यासारखं असतं, हे आजवर त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"हात धुतला की," आकाराम म्हणाला. "ही बादली काय शोभंला ठेवलीया?"

पिराजीनं बादलीत वाकून बघितलं. कास धुऊन पाणी केव्हाच संपलं होतं. तळाला भुसकट चिकटलेलं.

"तात्या, भुसकटानं धुतला जनू," पिराजी म्हणाला.

पोरं फिस्सकन हसली. आकारामाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. माणूस खोट्यात धरला गेला की गप बसत नाही, हाताला लागंल ते फेकतो. आकारामाच्या हाताला त्या वेळी सून लागली.

"मग काय करू? हिच्या आईला दुकानात साड्यांच्या घड्या घालाय यीळ हाय, पोरीला नाक शिंकराय शिकवाय न्हाय. सकाळी उठली की माझ्या गळ्यात बांधती आनि निघती. कसली आय म्हनायची ही?"

बोलून झालं आणि तो परत सडाकडं वाकला. वाकल्यावर बिजलीच्या पोटाखालनं त्याला पलीकडं दोन चपला दिसल्या. उजवीचा अंगठा तुटलेला, काळ्या दोऱ्यानं शिवलेला. तो त्यानंच परवा दिवशी शिवला होता. स्नेहल दुकानातनं परस्पर पोरगी न्यायला आली होती आणि म्हशीच्या आडाला उभी होती.

ती पुढं आली, तेजस्वीला कडेवर घेतलं, आपल्या ओढणीनं तिचं नाक पुसलं आणि चालायला लागली. गणपतरावांनी ग्लास घेतला, कट्ट्याच्या दगडावर ठेवला आणि जावयाचा दंड धरून तेही गेले. तो ग्लास कुणी उचलंना. सगळे पांगल्यावर आकारामानं स्वतःच तोंडाला लावला.

स्नेहलला कामाला जा म्हणणारा आकारामच होता. पोरगा विश्वजित टेम्पो घेऊन चार-चार दिवस बाहेर. बायको अंबूबाई गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पलंगावर. "जा बाय, पोरीचं मी बघतो," असं त्यानं चार माणसांत म्हटलं होतं. बिजलीच्या पेंडीचं पोतं सुनेच्या पगारातनं येत होतं. ह्यातलं कट्ट्यावर कुणाला ठाऊक नव्हतं, पण त्याला होतं की.

रात्री स्नेहलनं ताट वाढलं. "मामा, आमटी घालू?" एवढंच बोलली. सासऱ्याला ती मामा म्हणायची, तो शब्द रोजच्यासारखाच निघाला. शिव्या दिल्या असत्या तर आकारामाला भाकरी तरी गेली असती.

"ही का गप हाय आज?" अंबूबाईनं पलंगावरनं विचारलं.

"दमली आसंल," तो म्हणाला. सकाळपासनं चांगला असलेला माणूस, दिवस मावळल्यापासनं खोट्यावर खोटं रचत निघाला होता.

दुसऱ्या दिवशी स्नेहलनं पोरगी त्याच्याकडंच ठेवली. दुसरी सोय कुठं होती? फक्त तिच्या फ्रॉकला सेफ्टी पिननं एक हातरुमाल टाचला होता. ती पिन आकारामाला दिवसभर टोचत राहिली.

मग त्यानं पोरीचं नाक मनावर घेतलं.

"हं, शिंकर. जोरात."

तेजस्वीनं तोंडानं फुंकर मारली.

"तोंडानं न्हवं गं, नाकानं."

तिनं सुर्रकन आत ओढलं. होतं नव्हतं ते वर गेलं आणि ती कौतुकानं आज्याकडं बघत बसली. आकारामानं कोंबडीचं पीस नाकाखाली धरलं, "उडीव," म्हणाला. तिनं ते तोंडानं उडवलं. त्यानं स्वतः एका नाकपुडीवर अंगठा दाबून शेतकरी करतो तसं खाली शिंकरून दाखवलं. तिनं आपला अंगठा नाकपुडीत घातला आणि तिथंच ठेवला. म्हशीला पान्हा सोडायला लावणारा, अडलेल्या म्हशीचं रेडकू ओढून काढणारा गडी, अडीच वर्षांच्या पोरीच्या नाकापुढं हात टेकून बसला. दुकानात आठ तास उभी राहून आलेल्या बाईनं हे कधी शिकवायचं होतं, हे त्याचं त्यालाच सांगता येईना.

संध्याकाळी कट्ट्यावर गणपतराव आले, पण पिराजीच्या म्हशीकडं गेले.

"तात्या, मी न्हाय हं बोलावलं," पिराजी म्हणाला.

"पी म्हनावं. दूध ते दूधच," आकाराम म्हणाला आणि मान खाली घातली.

नाकाचं कोडं शेवटी बिजलीनंच सोडवलं. एका दुपारी त्यानं तिच्यापुढं कोरडा कोंडा ठेवला, पाणी आणायला गेला. बिजलीनं तोंड घातलं, कोंडा नाकात गेला आणि तिनं असं काही फुर्रर्र केलं, की कोंडा तेजस्वीच्या केसांत. पोरगी हसून हसून आडवी झाली. म्हशीचं तोंड मिटलेलं, आवाज सगळा नाकातनं. आकाराम हातात बादली धरून बघतच राहिला.

"तेजू, बिजली कशी करती?"

तेजस्वीनं तोंड मिटलं, गाल फुगवले आणि फुर्र केलं. पिवळाधमक गोळा भाईर. आकारामाला रुमाल पुढं करायचंही सुचलं नाही, सगळं त्याच्या पायावर आलं. तो पाय धुवायचा विसरला आणि तिच्याकडनं तीनदा परत फुर्र करून घेतलं.

त्या संध्याकाळी त्यानं दोन बादल्या भरून नेल्या. एक कासेला, एक हाताला. वर साबण. सगळ्यांदेखत हात धुतले.

"आता धुतोस व्हय?" पिराजी म्हणाला. तालमीतली पोरं परत फिस्सकन हसली. गणपतराव पिराजीच्या म्हशीशी ग्लास धरून उभे होते, त्यांनी बघितलं, न बघितल्यासारखं केलं.

तेवढ्यात तेजस्वीनं फ्रॉकचा रुमाल नाकाला लावला, तोंड मिटलं आणि फुर्र केलं. सगळा कट्टा वळला.

"आयला, ही तर शिकली की," पिराजी म्हणाला. "कुनी शिकवलं गं?"

आकारामानं बिजलीच्या पोटापलीकडं बघितलं. शिवलेल्या अंगठ्याची चप्पल तिथं आली होती. त्याला वाटलं, हीच वेळ आहे, तिचा घालवलेला मान परत करून टाकावा.

"हिच्या आयनं," तो मोठ्यानं म्हणाला. "दुसरं कोन शिकवनार?"

"बिजली," तेजस्वी म्हणाली आणि म्हशीकडं बोट केलं.

लोक हसले. स्नेहल म्हशीला वळसा घालून पुढं आली. पोरीला उचललं. आवाज चढवला नाही, पण कट्ट्यावर हळू असं काही नसतं.

"मी न्हाय शिकवलं मामा. मला यीळ नसतो, ते तुमी बोललाच हुता की ह्या सगळ्यांत. आता हे आनि कशाला खोटं? हात धुतला न्हवता, एवडंच सांगायचं हुतं त्या दिशी. तेवडं निघालं न्हाय तुमच्या तोंडातनं."

बिजलीनं शेपूट मारली ती आकारामाच्या तोंडावर बसली, त्यानं ती बाजूला केली नाही. उठून तो पिराजीच्या म्हशीशी गेला. ओले हात कुठं ठेवावेत ते कळंना.

"गणपतराव, त्या दिशी हात धुतला न्हवता मी."

"ठावं हाय. माझ्या डोळ्याम्होरं पुसलास की म्हशीला."

"आनि पोरीच्या आईचं काय न्हवतं त्यात. कामाला तिला मीच धाडलीया. पोरगी मीच मागून घेतलीया सांभाळाय."

गणपतरावांनी पिराजीचा ग्लास संपवला, मिशी पुसली.

"जावयाम्होरं माझी बी अब्रू गेली त्या दिशी, आकाराम."

"व्हय."

"आज प्यालोय. उद्याचं उद्या बघू."

आकाराम परत फिरला तेव्हा स्नेहल निघाली होती. तेजस्वी तिच्या खांद्यावरनं त्याच्याकडं बघून फुर्र करत होती. जाता जाता स्नेहल थांबली, मागं न बघताच म्हणाली, "साबन घरचा आनलायसा जनू. येताना आठवनीनं आना, न्हाणीत दुसरा न्हाय."

"आनतो," तो म्हणाला.

कुण्या एका पोरानं ग्लास पुढं केला. आकारामानं परत एकदा हात धुतले, बिजलीच्या मांडीकडं सवयीनं गेलेला हात वाटेतच मागं घेतला, तसाच हवेत झटकला आणि उकिडवं बसून सड धरलं.